घरच्या घरी गरमागरम चीज-बीफ खिमा सँडविच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीफचा खिमा, कांदा, पाव आणि चीज. चार जिनसांचं हे सँडविच, पण दोन ठिकाणी ते हमखास बिघडतं: खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो आणि पावाचा लगदा होतो. मला विचारले जाणारे बरेचसे प्रश्न फिरून फिरून याच दोन गोष्टींवर येतात. म्हणून पुढच्या उत्तरांत पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा निघेल. मांसाचं अंगचं पाणी, कांद्याचं पाणी, सॉसचं पाणी आणि झाकणाखाली साठणारी वाफ. यातलं कुठलं कधी आटवायचं आणि कुठलं कधी कामाला लावायचं हे एकदा समजलं, की कृती पाठ करावी लागत नाही.

खिमा कोणता घ्यावा? कमी चरबीचा चालेल का?

चरबी साधारण २० टक्के असलेला घ्या. पाकिटावर ८०/२० असं लिहिलेलं असतं ते हेच. खांद्याच्या भागाचा खिमा बहुधा याच प्रमाणात मिळतो आणि त्याला चवही चांगली असते. ९०/१० किंवा त्याहून कोरडा खिमा लवकर चरबरीत होतो, घास कोरडा लागतो. तोच वापरायचा असेल तर पॅनमध्ये टेबलस्पूनभर तेल घाला, सॉस थोडा वाढवा आणि नुसत्या पॅटीऐवजी मोकळ्या खिम्याचं सँडविच करा. ७०/३० मात्र इथे नको. पाव तेलकट होतो आणि चरबी वितळून गेल्यावर पॅनमध्ये उरतं ते फारच थोडं.

खिमा समोर काढून मिळत असेल तर मध्यम जाडीचा मागा. फार बारीक खिमा शिजल्यावर रवाळ होतो, दाताखाली मांस जाणवत नाही.

खिमा वरून लाल आणि आतून तपकिरी आहे. शिळा असेल का?

तेवढ्यावरून शिळा म्हणता येत नाही. मांसातलं मायोग्लोबिन हे रंगद्रव्य हवा लागली की लाल दिसतं. गोळ्याच्या आत हवा पोचत नाही, म्हणून तिथला रंग मळकट तपकिरी असतो. आंबूस वास, हाताला लागणारी चिकट बुळबुळ आणि वरूनसुद्धा गेलेला रंग, ही खिमा टाकून देण्याची लक्षणं. आणि खिमा धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात, आणि जे पाणी आपल्याला पुढे आटवायचं आहे ते उलट वाढतं.

चार जणांना किती लागेल?

५०० ग्रॅम कच्चा खिमा. शिजून तो साधारण पाऊण पट उरतो. त्यात एक मोठा कांदा आणि थोडा सॉस धरला तर चार भरगच्च सँडविच होतात. चीज प्रत्येकी दोन स्लाइस, किंवा किसलेलं असेल तर सैल मूठभर. यापेक्षा जास्त सारण भरण्याच्या मोहात पडू नका, पहिल्याच घासाला अर्धं ताटात येतं.

माझा खिमा राखाडी होतो, खरपूस होतच नाही. आच तर मोठी असते.

हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

८०/२० खिम्यात ६० टक्क्यांहून थोडं जास्त पाणीच असतं. हे पाणी पॅनमध्ये आहे तोवर खिम्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही, मग खाली आच कितीही मोठी असो. खरपूस रंग आणि तो भाजल्याचा खमंग वास येतो मेयार प्रक्रियेतून. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनं आणि साखरा यांच्यातली ही प्रक्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणजे पाणी गेल्याशिवाय खमंगपणा येणार नाही, हे सरळ गणित आहे.

आता पॅनमध्ये काय करायचं ते. जाड बुडाचा, रुंद पॅन घ्या, बिडाचा असेल तर उत्तमच. ५०० ग्रॅमला ३० सेंटिमीटरचा पॅन पुरतो, त्याहून लहान असेल तर दोन वेळा करा. पॅन चांगला तापू द्या, चमचाभर तेल घाला, खिमा एका सपाट थरात पसरा आणि हात बांधून उभे राहा. ढवळायचं नाही. आपली सगळ्यांची सवय अशी, की खिमा पडताक्षणी उलथनं घेऊन तो फोडायला लागायचं. तसं केलं की नवा नवा थंड पृष्ठभाग तव्याला लागत राहतो, प्रत्येक तुकड्याचं पाणी सुटतं आणि तळाशी तळं साचतं. त्याऐवजी खिम्याचा थर न हलवता चार-पाच मिनिटं राहू द्या. खालची बाजू गडद तपकिरी झाली की मोठमोठ्या तुकड्यांत उलटा, आणखी दोन मिनिटं थांबा, मग फोडा. सगळा खिमा एकसारखा तपकिरी व्हायला हवा असा आग्रह नको. निम्मा खरपूस आणि निम्मा मऊ, हे मिश्रण घासात छान लागतं. सगळाच खरपूस करायला गेलात तर दाताखाली खडे आल्यासारखं होतं.

आणि कान द्या. पाणी असतं तेव्हा आवाज भिजका असतो, बुडबुड्यांचा, थोडा खळखळता. पाणी संपलं की तो एकदम बदलतो: कोरडी, बारीक, भरभर तडतड ऐकू येते. ती चरबीत तळल्याची तडतड. डोळ्यांआधी कानाला कळतं. मी पाठमोरी कांदा चिरत असले तरी तो बदल ऐकून वळते.

खिम्यात मीठ कधी घालायचं?

मोकळा खिमा असेल तर भाजून झाल्यावर. पॅटी करणार असाल तर थापून झाल्यावर, तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी, फक्त वरून. कच्च्या खिम्यात मीठ घालून मळलं तर मिठाने मांसातली प्रथिनं विरघळतात आणि एकमेकांना चिकटतात. सॉसेजला तेच हवं असतं, आपल्याला नको. अशी पॅटी रबरासारखी दाबली जाते आणि परत उसळते.

कुणी म्हणतात थोडा खायचा सोडा लावा. खरंच उपयोग होतो का?

होतो. ५०० ग्रॅम खिम्याला पाव टीस्पूनपेक्षा किंचित जास्त सोडा टेबलस्पूनभर पाण्यात विरघळवून हलक्या हाताने मिसळा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. मांस थोडं अल्कधर्मी होतं, त्यामुळे आचेवर प्रथिनं कमी आवळतात, पाणी आतच राहतं आणि रंगही लवकर येतो. प्रमाण मात्र पाळा. अर्धा टीस्पून ओलांडलात की साबणासारखी चव येते आणि मग ती कशानेही झाकत नाही. पॅटीसाठी मी हे करत नाही, मोकळ्या खिम्यासाठी करते.

सुटलेली चरबी गाळून टाकायची का?

टेबलस्पूनभर ठेवा, बाकीची काढा. ठेवलेल्या चरबीत कांदा परतायचा आणि पावाची आतली बाजू शेकायची. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, नळीत जाऊन थिजते. रिकाम्या डब्यात ओता, घट्ट झाली की कचऱ्यात टाका.

चरबी काढताना पॅनच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर मात्र जाऊ देऊ नका. सगळी चव तिथे असते. कांदा टाकला की त्याच्या अंगच्या पाण्याने तो थर सुटायला लागतो. उरलेला दोन चमचे पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडून घ्या.

सारण सँडविचमधून सांडतं. मिळून येण्यासाठी काय करावं?

मोकळ्या खिम्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. माझा रोजचा मार्ग असा: खिमा भाजून बाजूला काढायचा, चरबीत बारीक चिरलेला कांदा मऊ होऊन कडांना तांबूस होईपर्यंत परतायचा, शेवटच्या मिनिटाला दोन लसूण पाकळ्या. मग टेबलस्पूनभर मैदा भुरभुरायचा आणि कच्चा वास जाईपर्यंत परतायचा. दोन टेबलस्पून टोमॅटो पेस्ट घालून ती जरा गडद होऊ द्यायची. मग अर्धा कप स्टॉक किंवा पाणी, टीस्पूनभर मस्टर्ड, थोडा वूस्टरशायर सॉस. खिमा परत पॅनमध्ये. मंद आचेवर पाच-सात मिनिटं, आळून येईपर्यंत.

झालं की नाही हे पाहायचं असेल तर उलथन्याने पॅनच्या मधोमध रेघ ओढा. रेघ दोन क्षण तशीच राहिली आणि कडेने पाणी धावून आलं नाही, तर सारण पावात भरायला तयार आहे. पाणी धावून आलं तर अजून दोन मिनिटं. या रेघेवर माझा घड्याळापेक्षा जास्त भरवसा आहे, कारण टोमॅटो पेस्ट, कांदा, पॅन सगळंच दर वेळी थोडं वेगळं असतं.

चीजसुद्धा सारण धरून ठेवतं. काही चीज थेट खिम्यात वितळवून आणि काही वर घालून पाहा. आतलं सारण बांधतं, वरचं पावाला चिकटवतं.

शेवटी व्हिनेगरचे काही थेंब किंवा लोणच्याच्या काकडीचा चमचाभर रस. चरबी आणि चीज यांच्यामध्ये आंबट नसेल तर तिसऱ्या घासाला जीभ थकते.

कोणतं चीज सर्वांत चांगलं वितळतं?

चीज वितळतं दोन टप्प्यांत. दुधातली चरबी ३२ अंशांच्या आसपास मऊ होते, तेव्हा चीजला घाम फुटल्यासारखा दिसतो. मग प्रथिनांची जाळी सैल पडते आणि चीज खरं वाहायला लागतं. मऊ चिजांत हे ५५ अंशांच्या सुमारास होतं, चेडर-स्विस वर्गात ६५ च्या आसपास, आणि पार्मेजानसारख्या कोरड्या, जुन्या चिजाला ८० अंशांच्याही थोडं पुढे जावं लागतं. म्हणून ओलसर आणि कमी मुरलेलं चीज सँडविचला सोपं जातं: कमी मुरलेलं चेडर, मॉन्टेरे जॅक, कमी मुरलेलं गौडा, फोन्टिना. ग्रुयेर महाग असलं तरी खिम्याबरोबर फार सुंदर लागतं. मोझरेलाच्या तारा छान निघतात, पण चव सौम्य असते. एकटं वापरलं तर सँडविच अळणी वाटतं. अर्धं मोझरेला, अर्धं चेडर ही जोडी चांगली.

हलूमी किंवा आम्लाने दूध फाडून केलेली चिजं वितळणार नाहीत. त्यांची प्रथिनं वेगळ्या तऱ्हेने बांधलेली असतात, तापवली तर तांबूस होतात पण वाहत नाहीत. वितळत नाही म्हणून आच वाढवत बसू नका.

आता प्रोसेस्ड स्लाइसबद्दल. पुष्कळ जण ते वापरतात आणि सांगायला संकोचतात. संकोचायचं कारण नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थुन इथे वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज सोडियम सायट्रेटबरोबर वितळवलं तर ते फुटत नाही हे दाखवून दिलं. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्ट यांनी अमेरिकेत आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असे क्षार प्रथिनांना जोडून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतात, मग प्रथिनं सैल होऊन चरबी आणि पाणी दोन्ही सांभाळतात. गरम खिम्यावर न फुटता, एकसारखं, चकचकीत पसरणारं चीज हवं असेल तर ती स्लाइस आपलं काम चोख करते. चवीसाठी तिच्या जोडीला धारदार चेडर घाला. प्रोसेस्ड चिजातले क्षार त्या चेडरलाही सांभाळून घेतात. माझ्या मते एकास एक हे प्रमाण या सँडविचसाठी सर्वांत भरवशाचं.

चीज फुटतं, तेल सुटतं आणि रवाळ होतं. काय चुकतं?

आच. उकळत्या सारणात चीज घातलं की प्रथिनं आवळतात आणि चरबी बाहेर पडते. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग चीज घाला आणि हलक्या हाताने मिसळा. जुनं, मुरलेलं चेडर मुळातच लवकर फुटतं. दुसरं कारण, पाकिटातलं आधीच किसलेलं चीज. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचं स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. पिझ्झावर ते चालून जातं, पण सॉसमध्ये घातलं तर गुळगुळीतपणा येत नाही. एकदा घरी बरेच पाहुणे असताना वेळ वाचवायला मी तसलं चीज आणलं आणि सगळ्या सॉसला बारीक रवा आल्यासारखा झाला. पुन्हा तापवून, दूध घालून, घोटून, कशानेही तो गेला नाही. तेव्हापासून चिजाचा तुकडा आणते आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या किसते. थंड असलं की किसायला सोपं जातं.

फुटलेलं चीज थोडंफार सावरायचं असेल तर एक प्रोसेस्ड स्लाइस आणि चमचाभर गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळा. बहुतेक वेळा जुळून येतं.

पाव करपतो, पण आतलं चीज घट्टच राहतं.

इथे वाफ आपल्या कामाची आहे. आच मंद ठेवा आणि पॅनवर झाकण घाला. झाकणाखालची गरम हवा वरून चीज मऊ करते, तोवर खालचा पाव हळूहळू शेकतो. चीज अगदीच हट्टी असेल तर पॅनच्या कडेला, सँडविचपासून लांब, टीस्पूनभर पाणी टाका आणि लगेच झाकण ठेवा. ३० ते ४० सेकंदांत चीज पाघळतं. मग झाकण काढून मिनिटभर तसंच ठेवा, म्हणजे पाव पुन्हा कुरकुरीत होतो. हे शेवटचं मिनिट विसरलं की वाफेने कमावलेलं सगळं वाफच घालवते.

आणखी एक: चीज थेट फ्रिजमधून लावू नका, दहा मिनिटं आधी बाहेर काढा. आणि सारण गरम असू द्या. गार सारणावर चीज वितळवायला लागणाऱ्या वेळात पाव काळा होतो.

पावाचा लगदा होतो. उपाय?

तीन कारणं असतात, बहुधा तिन्ही एकत्र. सारण पातळ, पाव न शेकलेला, आणि मध्ये काही अडसर नाही.

पातळ सारणाचं वर सांगितलं आहे. पावाची आतली बाजू आधी शेकून घ्या. खिम्याच्या चरबीत, मध्यम आचेवर, पृष्ठभाग बोटाला कोरडा आणि खरखरीत लागेपर्यंत. मऊ पावाच्या छिद्रांत सॉस शिरतो, शेकलेल्या पृष्ठभागावर तो वरच राहतो. आणि अडसर म्हणून चीज वापरा: खालच्या पावावर चीज, मग सारण, मग पुन्हा चीज. वितळलेल्या चिजाचा थर पाणी अडवतो. ज्यांनी आजवर फक्त वरून चीज घातलं त्यांनी एकदा खालूनही घालून पाहावं, फरक लगेच जाणवतो.

पाव मजबूत हवा. पातळ स्लाइसचा मऊ ब्रेड सॉसवाल्या सारणाला टिकत नाही. बटाट्याचा बन किंवा ब्रियोश मऊ असूनही घट्ट असतो, तो चालतो. लांबट रोल चांगला, पण पूर्ण कापू नका, एक बाजू जोडलेली ठेवा. चपट्या पॅटीला राय ब्रेड जमतो, त्याची आंबूस चव चरबीला छेद देते.

बाहेरून बटर लावावं की मेयोनेज?

दोन्ही चालतं, पण वागणं वेगळं. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात. चव अप्रतिम, पण आच जरा वाढली की ते कण करपतात. मेयोनेज म्हणजे तेल आणि अंडं, ते पातळ पसरतं, सहज करपत नाही आणि रंग एकसारखा येतो. चव मात्र बटरची. मी बाहेरून मेयोनेजचा अगदी पातळ हात फिरवते आणि उलटताना पॅनमध्ये बटरचा छोटा तुकडा सोडते. बटर कापायला कठीण असेल तर पावावर घासून तो फाडू नका, पॅनमध्ये वितळवा आणि पाव त्यावर ठेवा.

मोकळा खिमा चांगला की पॅटी? किती प्रकार आहेत?

या सँडविचचे बहुतेक नावाजलेले प्रकार अमेरिकेतून आले आहेत. टोमॅटोच्या सॉसमधला ओला खिमा बनमध्ये भरला की स्लॉपी जो. याचा डबाबंद सॉस १९६९ पासून तिथे मिळतो. आयोवा राज्यात सॉसशिवाय नुसता वाफाळता मोकळा खिमा बनमध्ये भरतात. मस्कटीन गावात १९२६ पासून तो मेड-राइट या नावाने विकला जातो. राय ब्रेड, तांबूस परतलेला कांदा, स्विस चीज आणि पातळ पॅटी म्हणजे पॅटी मेल्ट. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत तव्यावर पॅटी आणि कांदा उलथन्याने चिरत चिरत त्यातच चीज वितळवून रोलमध्ये भरतात, ते चॉप्ड चीज. आणि मिनियापोलिसमध्ये चीज पॅटीच्या पोटात भरतात. तो जूसी लूसी. पहिला कुणी केला यावर तिथल्या दोन बारमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे.

पहिल्यांदा करणाऱ्याने चॉप्ड चीजच्या पद्धतीने सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. सॉस आळवायचा नाही, पॅटी गोल यावी ही काळजी नाही, चीज तव्यावरच मिसळतं आणि खरपूसपणाही मिळतो. दहा-बारा मिनिटांचं काम.

जूसी लूसी करताना सावध राहा. आतलं चीज वितळून उकळतं आणि पहिल्या घासाला तोंड पोळतं. कडा घट्ट मिटा, तव्यावरून काढल्यावर चार-पाच मिनिटं थांबा.

बीफचा स्टेक आतून गुलाबी खातात, मग खिमा का नाही?

जंतू असतात मांसाच्या पृष्ठभागावर. स्टेकचा पृष्ठभाग तव्यावर भाजला जातो, आत सहसा जंतू नसतात. खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं, त्यामुळे प्रत्येक कण पृष्ठभागच असतो. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू आजाराचं कारण म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला, तो अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळेच. लहान मुलांत त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. १९९४ मध्ये तिथल्या कृषी खात्याने कच्च्या बीफ खिम्यात हा जंतू सापडणं म्हणजे भेसळ असं ठरवलं.

म्हणून पॅटीचा मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसला पोचलाच पाहिजे. रंगावर विसंबू नका, काही खिमा त्याआधीच तपकिरी होतो आणि काही त्यानंतरही गुलाबी राहतो. सुईचा थर्मामीटर पॅटीच्या कडेने आडवा, मध्यापर्यंत घाला. मोकळ्या खिम्यात ही अडचण कमी, कारण तुकडे लहान असतात आणि तो पुढे सॉसमध्येही शिजतो. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर गुलाबी पॅटीचा विषयच काढू नका.

एकदम दहा-बारा सँडविच करायची आहेत. तव्यावर एकेक करत बसू का?

ओव्हन वापरा. छोट्या बन्सची जोडलेली लादी घ्या, सुट्या न करता मधून आडवी कापा. खालचा अर्धा ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये पाच मिनिटं कोरडा करा. मग चीज, सारण, चीज, वरचा अर्धा. वर वितळलेलं बटर. फॉइल झाकून १८० अंशांवर १५ मिनिटं, मग फॉइल काढून पाचेक मिनिटं. बारा छोट्या बन्सना ६०० ते ७०० ग्रॅम खिमा लागतो. सारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं, भरण्याआधी मात्र वाफ येईपर्यंत गरम करा.

उरलेलं किती दिवस टिकतं?

कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर तीन-चार महिने चव टिकवून राहतो. पिशवीत चपटा थापून गोठवा, लवकर सुटतो. ओट्यावर ठेवून वितळवू नका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शिजलेलं सारण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर हवा असेल तर तासाभरात. तिथे तीन-चार दिवस. पुन्हा खाताना ७४ अंशांपर्यंत गरम करा.

सारण आणि पाव वेगळेच ठेवा. तयार सँडविच फ्रिजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याला कुरकुरीत करणं जवळपास अशक्य.

बीफ नसेल तर?

कृती हीच. मटणाचा किंवा पोर्कचा खिमा चालतो, तोही ७१ अंशांपर्यंत. चिकन किंवा टर्कीच्या खिम्याला चरबी कमी असते, तेल आणि कांदा वाढवा आणि ७४ अंश गाठा.

बरोबर काय द्यावं?

आंबट आणि करकरीत काहीतरी. व्हिनेगरमधली काकडी, पातळ चिरून मीठ-व्हिनेगर लावलेला कांदा, कोबीची साधी कोशिंबीर. लेट्यूस आणि टोमॅटो घालायचे तर सँडविच शेकून झाल्यावर, वाढताना.

डब्यात न्यायचं असेल तर?

गरम सँडविच बंद डब्यात ठेवलं की वाफ आतच पावावर थेंबांनी उतरते. एका सहलीला मी असंच नेलं होतं, दोन तासांनी उघडलं तेव्हा पाव बोटाने दाबला की कणकेसारखा दबत होता. आता सारण उकळत्या पाण्याने आधी तापवलेल्या चांगल्या थर्मासमध्ये भरते, शेकून पूर्ण गार केलेला पाव कागदात गुंडाळते, आणि चिजाच्या स्लाइस वेगळ्या. खायच्या वेळी पावावर चीज, त्यावर वाफाळतं सारण, वर पुन्हा चीज, आणि पाव मिटून कागदात दोन मिनिटं गुंडाळून ठेवायचं. तेवढ्या ऊबेत स्लाइस मऊ होऊन सारणाला धरते.

घरी लगेच खाणार असाल तरी तव्यावरून उतरवल्यावर दोन मिनिटं जाळीवर ठेवा, ताटात नको, ताटात खालून घाम येतो. मग दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत तिरकं कापा.